तुरीच्या रानातले जेवणारे



कापणीच्या सणाला आपल्या चर्चमध्ये वेदीपुढे काय मांडले जाते ते तुम्हांला ठाऊक आहे. तुरीच्या शेंगांच्या पेंढ्या, ज्वारीची कणसे, एखादा भोपळा, बाटलीभर करडईचे तेल, आणि ज्यांच्याकडे शेत नाही त्यांनी बाजारातून आणलेली फळांची टोपली. मग उपकारस्तुतीची प्रार्थना होते. पावसासाठी, उन्हासाठी, मातीसाठी, कष्टणाऱ्या हातांसाठी आपण देवाचे आभार मानतो. प्रार्थना चांगलीच असते. पण त्या यादीत एक गट कधीच नसतो, आणि हा नुसता विसर आहे असे मला वाटत नाही. आपल्या ताटात अन्न यावे म्हणून त्याच रानात आपल्याआधी जे जेवून गेले, त्यांचे नाव आपण घेत नाही. आपल्या बिदर-कलबुर्गीच्या पट्ट्याने या न घेतलेल्या नावाची किंमत एकदा मोजलेली आहे, म्हणून आज हा विषय.

आळंद, भालकी, बसवकल्याण, औराद या भागातल्या मराठी घरांत वरण म्हणजे तुरीचेच. कलबुर्गीच्या तूरडाळीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आपल्याला केवढा आनंद झाला. पण ही तूर एकट्याने वाढत नाही. पावसाळ्यात एखादे रोप हलक्या हाताने उपटून पाहा. मुळांना बारीक गाठी दिसतील. त्यातली एक नखाने फोडली तर आत गुलाबी रंग दिसतो. त्या गाठीत जिवाणू राहतात. हवेतला नत्र पकडून ते तुरीला देतात, आणि तूर पानांत तयार झालेली साखर खाली पाठवून त्यांना पोसते. पाने गळतात, मुळे कुजतात, आणि तो नत्र पुढच्या पिकाच्या तोंडी लागतो. आपले जुने शेतकरी तुरीचा बेवड चांगला म्हणतात तो याचसाठी.

हुमनाबादहून हैदराबादला जाताना पाटणचेरू लागते. तिथे इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांवर काम करणारी संस्था 1972 पासून आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी 1990 मध्ये आणखी एक गोष्ट प्रसिद्ध केली. तांबड्या मातीत स्फुरद लोखंडाला घट्ट चिकटून बसलेले असते. ज्वारीला ते सोडवून घेता येत नाही. तुरीची मुळे मात्र पिसिडिक आम्ल नावाचा पदार्थ मातीत सोडतात आणि ते स्फुरद मोकळे करतात. बिदरचा किल्ला ज्या तांबड्या जांभ्यावर उभा आहे, तसल्या जमिनीसाठी ही काय साधी गोष्ट आहे? तूर स्वतःसाठी कुलूप उघडते आणि दार उघडेच ठेवून जाते. मागून येणारी ज्वारी त्याच दाराने आत शिरते. म्हणजे आपली भाकरीसुद्धा काही अंशी तुरीच्या मुळांनी वाढलेली असते.

आता जमिनीच्या वर येऊ, कारण खरी अडचण तिथे आहे.

दिवाळीच्या सुमारास तूर पिवळी होते, शेंगा धरू लागतात, आणि हिरव्या अळीची मादी पतंग कळीकळीवर एकेक अंडे घालत हिंडते. एक मादी शेकड्यांनी अंडी घालते. अळी शेंगेला भोक पाडते, डोके आत घालते, धड बाहेर ठेवते आणि दाणे खात बसते. हरभऱ्यावर आली की तिलाच आपण घाटेअळी म्हणतो. ही अळी काही नवी नाही. पण तिलाही खाणारे होते. कोतवाल पक्षी बांधावरच्या बाभळीवरून झेप घेतो. साळुंक्या सरीतून चालत अळ्या टिपतात. वेडा राघू पतंग उडता उडताच पकडतो. गांधीलमाशीच्या जातीचे बारीक कीटक अळीच्या अंगात अंडे घालतात आणि त्यांची पिले तिला आतून खाऊन बाहेर पडतात. एक विषाणूही आहे. तो लागला की अळी झाडाच्या शेंड्याकडे चढते, तिथे उलटी लटकते आणि मरते. तिच्या फुटलेल्या अंगातून तोच रोग खालच्या अळ्यांना लागतो. ऐकायला हे सारे ओंगळ वाटते, मान्य. रविवारच्या शाळेत मुलांना देवाची निर्मिती शिकवताना आपण फुलपाखरू दाखवतो, ही लटकणारी अळी कोणी दाखवत नाही.

आपल्या भागात याला जोडून माणसाचाही एक उपाय होता. चार जण तुरीत शिरायचे, एक-दोघांनी झाड हलवायचे, बाकीच्यांनी खाली कापड धरून पडलेल्या अळ्या गोळा करायच्या आणि कोंबड्यांपुढे टाकायच्या. अळीने तूर खाल्ली, कोंबडीने अळी खाल्ली, अंडे घरात आले. ही पद्धत काम करते असे पुढे शास्त्रज्ञांनीही तपासून सांगितले.

मग औषध आले. आपण त्याला औषधच म्हणतो, विष म्हणत नाही. भाषा कधी कधी फार भोळी असते. सुरुवातीला फवारणीने रान स्वच्छ झाले. पण ज्या फवाऱ्याने अळी मेली त्यानेच तिला खाणारे बारीक कीटकही मेले, आणि पक्ष्यांना खायला उरले नाही. ज्या थोड्या अळ्या विष पचवून वाचल्या त्यांचीच पुढची पिढी आली. शेजारच्या आंध्रात कापसावर 1980 च्या दशकाच्या शेवटीच या अळीवर नवी कीटकनाशके चालेनाशी झाल्याचे दिसले होते. आपल्याकडे 1997-98 च्या हंगामात पाऊस अवेळी पडला, अळी अशी पडली की फवारून फवारून माणसे थकली, आणि तूर गेली. औषधे उधारीवर घेतलेली होती. त्या काळात बिदर जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्या झाल्या. समाजशास्त्रज्ञ ए. आर. वसावी यांनी 1999 मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त त्यावर लेख लिहिला आणि बाजार, सरकार आणि एकट्या पडलेल्या शेतकऱ्याची गोष्ट मांडली. त्या मृत्यूंना एकटी अळी कारण होती असे मी म्हणणार नाही. सावकारी होती, पडलेले भाव होते, सल्ला विचारायला दुकानदाराशिवाय कोणी नव्हते. पण रानातले पंगतीत बसणारे उठून गेले होते, हेही त्या गोष्टीत आहे. ते असते तर अळी संपली नसती, आटोक्यात राहिली असती. शेतकरी सगळ्याच बाजूंनी एकटा पडला होता, आणि त्यातली एक बाजू ही.

काही विश्वासू मंडळी म्हणतात, एकमेकांना खाणे हा पापाचा परिणाम आहे, त्यात देवाचा हात शोधू नये. त्यांचा आदर ठेवून मला वेगळे म्हणायचे आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात सर्वांना हिरवी वनस्पती अन्न म्हणून दिली आहे, आणि यशयाच्या अकराव्या अध्यायात लांडगा आणि कोकरू एकत्र राहतात, हे खरे. पण आपण या दोन टोकांच्या मध्ये जगतो, आणि या मधल्या काळाबद्दल पवित्र शास्त्र गप्प नाही. 104 वे स्तोत्र काढून पाहा. त्यात सिंहाची पिले भक्ष्यासाठी गर्जना करतात ती देवाकडे अन्न मागणे म्हणून सांगितली आहे. रात्र त्यांची, दिवस माणसाच्या कामाचा, अशी पाळी लावून दिलेली आहे. ईयोबाला देव वावटळीतून उत्तर देतो तेव्हा सिंहीण आणि कावळ्याच्या पिलांना कोण पुरवतो असे विचारतो, आणि गरुडाची पिले रक्त पितात हेसुद्धा लपवत नाही. तिथे देव कुठेही ओशाळलेला दिसत नाही. आपणच त्याच्या वतीने ओशाळतो.

अशुद्ध पक्ष्यांची यादी लेवीयच्या अकराव्या अध्यायात आहे. गिधाड, घार, घुबड, कावळा. लहानपणी वाटायचे, देवाला हे पक्षी आवडत नसावेत. आता ती यादी वाचली की दुसरेच दिसते. ते जवळजवळ सगळे शिकार करणारे किंवा मेलेले साफ करणारे आहेत, आणि खाऊ नका म्हटल्यामुळे त्यांचा जीव वाचतो. त्यातल्याच कावळ्यांनी करीथ ओढ्याकाठी एलीयाला भाकर आणि मांस आणून दिले. शुद्ध पक्ष्यांवर ते काम सोपवले नव्हते.

गिधाडांचे तर आपल्या डोळ्यांदेखत झाले. गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की आभाळातून उतरणारी ती रांग पन्नाशी ओलांडलेल्यांना आठवत असेल. गुरांना वेदनेसाठी दिले जाणारे डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावरांतून त्यांच्या पोटात जायचे आणि मूत्रपिंडे निकामी करायचे. पांढऱ्या पाठीची गिधाडे 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत भारतात हजारातून एक इतकी उरली. 2006 मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद झाले, पण तोवर उशीर झाला होता. मढी कुजत राहिली, कुत्री वाढली, आणि कुत्र्यांबरोबर पिसाळण्याची भीती वाढली. कोणाला गिधाड सुंदर वाटत नव्हते. त्याच्यासाठी कोणत्या मंडळीत कोणी प्रार्थना केली असेल असेही वाटत नाही.

आता जरा नाजूक विषय. मार्गशीर्ष अमावस्येला आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आणि पलीकडे लातूर-धाराशिवकडे येळवस होते. नाताळाच्या आगेमागेच ती येते. सगळे गाव रानात जाते. भज्जी, आंबील, उंडे घेऊन शेजारी पूजा करतात आणि मग शिजवलेले अन्न शेताच्या चारी बाजूंना शिंपडतात. कानडीत त्याला चरग म्हणतात. आपल्या मंडळ्यांत दरवर्षी वाद होतो: शेजाऱ्याने बोलावले तर जावे की नाही, जेवावे की नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आठवा आणि दहावा अध्याय दोन्ही बाजूंनी उघडला जातो. पूजेत आपण भाग घेत नाही, ते ठीकच. शेजाऱ्याच्या प्रेमाच्या भज्जीला नाही म्हणणे मला तरी जमत नाही. पण माझे म्हणणे या वादाबद्दल नाही. चरग म्हणजे अन्न वाया घालवणे असे म्हणून आपण हसतो तेव्हा मला खटकते. त्या शिंपडलेल्या उंड्यावर मुंग्या येतात, साळुंक्या येतात, खारी येतात. शेजाऱ्याचे रान वर्षातून एक दिवस तरी इतरांना जेवायला बोलावते. आपल्या शास्त्राने तर याहून कितीतरी जास्त मागितले आहे, आणि आपण तेवढेही करत नाही.

लेवीय 19 मध्ये शेताचे कोपरे कापू नका आणि पडलेला सरवा वेचू नका अशी आज्ञा आहे. तो गरिबाचा आणि परक्याचा. निर्गम 23 मध्ये सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची आहे, तिच्यावर आपोआप उगवेल ते गरिबांनी खावे आणि त्यांच्यानंतर जे राहील ते रानातल्या जनावरांनी. हे वाक्य आपण घाईने वाचून पुढे जातो. देवाने वाटा ठरवताना रानातली जनावरे मोजली आहेत. अनुवाद 22 मध्ये घरट्यात पिलांसह पक्षिणी सापडली तर पिले घ्यावीत, आईला सोडावे. म्हणजे खाण्याला मनाई नाही, पण खाण्याची वाट बंद करायला मनाई आहे. सगळ्या नियमांचा कल असा की तुझा वाटा घे, पण सगळा घेऊ नकोस.

यावर शेतकरी बंधू काय म्हणतील ते मला माहीत आहे. मी काही शेतकरी नाही, पण काळविटांच्या कळपाने एका रात्रीत हरभऱ्याचा पट्टा साफ केल्यावर सकाळी तिथे उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा पाहिला आहे. रानडुकरांनी भुईमूग उकरल्यावर लेवीयची वचने सांगणाऱ्याला तो हाकलून देईल, आणि त्याचे चुकणार नाही. ज्याच्याकडे कोरडवाहू तीन एकर आहेत त्याने काळवीट पोसावे अशी अपेक्षा ठेवणे हा अन्याय आहे. काळवीट कायद्याने संरक्षित आहे, मग भरपाई वेळेवर मिळवून देण्याचे काम इतरांचे, आणि त्यासाठी अर्ज लिहून देणारे, तहसीलला चकरा मारणारे हात मंडळीत आहेत. प्रार्थनासभेइतकीच ती सेवा आहे. पण कोतवालासाठी काय लागते? एकरी वीसेक काठ्या, टी आकाराच्या, तुरीच्या उंचीहून थोड्या वर. कृषी खाते त्यांना पक्षीथांबे म्हणते. काही जण तुरीच्या बियाण्यात मूठभर ज्वारी मिसळतात. ज्वारीची ताटे उंच होतात, दाण्यासाठी पक्षी येतात आणि उतरले की अळ्याही टिपतात. बांधावरची बाभूळ ठेवायची. पहिली फवारणी करायच्या आधी झाडे हलवून पाहायची. यात पैसा जवळजवळ जात नाही.

आणि ज्यांच्याकडे शेत नाही त्यांनी आधी चर्चच्या आवाराकडे पाहावे. मिशनऱ्यांच्या काळातली मोठी आवारे, चिंचा, कडुनिंब, वड. अलीकडे एका ठिकाणी पाहिले, नाव घेत नाही: सगळ्या अंगणात सिमेंटचे ठोकळे बसवले होते, जुनी चिंच गाड्या लावायला अडचण होते म्हणून पाडली होती, आणि घंटाघराच्या खिडक्यांना जाळी मारली होती, कारण आत घुबड होते आणि ते अशुभ. गव्हाणी घुबड रात्री उंदीर खाते. त्याच आवारातल्या कोठीत उंदरांनी पोती फोडली म्हणून विषाच्या गोळ्या ठेवल्या होत्या. तो विषारी उंदीर पुढे दुसऱ्या एखाद्या घुबडाच्या किंवा मांजराच्या तोंडी लागणार. अपशकुनावर विश्वास ठेवू नये असे आपण व्यासपीठावरून सांगतो आणि घुबडाला मात्र जाळी मारतो, हे मला कळत नाही. जाळी काढायला एक शिडी आणि अर्धा तास पुरे.

पोप फ्रान्सिस यांनी 2015 मध्ये 'लाउदातो सी' हे परिपत्रक लिहिले आणि 1 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर हा निर्मितीचा काळ म्हणून अनेक पंथांच्या मंडळ्या आता पाळतात. त्या काळात आपल्याकडे तूर गुडघ्याच्या वर आलेली असते, अळी अजून यायची असते. थांबे रोवायला तोच वेळ योग्य. युवक संघाने झाडे लावून फोटो काढण्याऐवजी या वर्षी काठ्या कराव्यात. बाभूळ, निलगिरी, काहीही चालेल.

एक गोष्ट राहिली, सरव्याची. पूर्वी तूर कापून खळ्यावर न्यायची, बडवायची, आणि मागे रानात पडलेल्या शेंगा भूमिहीन घरच्या बायका वेचायच्या. दिवसभरात पायली-दोन पायली व्हायची. गुळी गुरांना, तुराट्या चुलीला. आता यंत्र येते, तासाप्रमाणे भाडे घेते आणि बांधाला घासून जाते. रूथ आज बेथलेहेमहून औरादला आली तर तिला वेचायला काय मिळेल? यंत्रवाल्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याला मालक जसे सांगेल तसे तो करतो. बांधाकडच्या शेवटच्या दोन ओळी सोड, एवढे त्याला सांगावे लागेल, आणि ते यंत्र रानात शिरायच्या आधी. त्या ओळी आधी बायका वेचतील. त्यांच्यामागून साळुंक्या येतील, संध्याकाळी खारी, रात्री उंदीर, आणि उंदरांच्या मागे ते घुबड.